तापीच्या वाळूत एक अंगठी

नाशिकपासून धुळ्यापर्यंत एसटीच्या कंडक्टरने मला काही विचारले नाही. धुळे सुटल्यावर मात्र त्याला राहवेना. माझ्या गुडघ्यांमध्ये उभ्या धरलेल्या लांबोळक्या कापडी पिशवीकडे बोट करून तो म्हणाला, "काय साहेब, तंबोरा का?"

"तंबोरा नाही, यंत्र आहे. जमिनीतला धातू ओळखणारे."

त्याने मला चष्म्यापासून चपलांपर्यंत एकदा न्याहाळले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मग जपून हो. गुप्तधनवाले म्हणून धरतील कुणी." हे शब्द हलकेच उच्चारलेले असले, तरी 'गुप्तधन' या शब्दाला एसटीत पाय फुटतात. नंदुरबार येईपर्यंत पुढच्या बाकावरचे दोन गृहस्थ आळीपाळीने मागे वळून पाहत होते आणि एका म्हाताऱ्या बाबांनी तर उतरताना माझ्या कानाशी येऊन त्यांच्या शेतातल्या एका जुन्या विहिरीची सर्व हकीकत सांगितली.

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हाती असले यंत्र येण्याचे काही कारण नव्हते. माझा धातूशी संबंध 'भूवादयो धातवः' पर्यंतचा, आणि तोही फार जिव्हाळ्याचा नव्हे. कारण घडले ते माझ्या ताईमुळे.

माझी थोरली बहीण नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटला दिलेली. हे गावाचे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा मला उगाचच नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली चिरडायचे ते कारीट आठवले होते, आणि आजही दिवाळीच्या दिवशी न्हाणीघरापाशी मला ताईची आठवण येते ती त्या कडू फळावरून. बिचारीच्या संसारात मात्र कडूपणा असा नव्हता. तिघे भाऊ, एकत्र शेती, कापूस, मिरची, अलीकडे पपई. धाकटे दीर सुरतेला नोकरीवर असले तरी सणावाराला घरी. आणि या सगळ्यांवर ताईच्या सासूबाई. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

जाण्यापूर्वी चार दिवस, एका संध्याकाळी, त्यांनी आपल्या बोटातली जाड, बिनखड्याची अंगठी काढून ताईच्या हातात ठेवली. अर्ध्या तोळ्याची असेल. खोलीत त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. ताईने ती बोटात घातली. सैल होत होती म्हणून आतून तांबडा दोरा गुंडाळला. दहाव्याला घरची मंडळी प्रकाशाला तापीवर गेली, बायकाही गेल्या. पहाटेची थंडी, पाणी गार. गार पाण्यात बोटे आक्रसतात आणि ओला दोरा घसरतो. ताई स्नान करून वर आली तेव्हा बोट मोकळे होते.

आता यात एवढे काय, असे वाचकांना वाटेल. सोने गेले, वाईट झाले, आणखी काय? पण सासूबाईंचे बाकीचे दागिने तेराव्यानंतर तीन सुनांत वाटायचे होते. अंगठी ताईला दिली हे फक्त ताईच सांगत होती. ती नदीत पडली हेही ताईच सांगत होती. घरात कोणी तिला खोटे पाडले नाही. मधल्या जाऊबाई एवढेच म्हणाल्या, "पाण्यात? बरं." कोणी भांडले असते तर ताईला ते सोसले असते. या 'बरं'ने मात्र तिची झोप उडाली. संक्रांतीला फोनवर बोलताना ती मध्येच थांबून मला म्हणाली, "बंडू, तू तरी मानतोस ना रे?" मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, तिला बंडूच आहे, आणि तिने आयुष्यात मला असे काही विचारलेले नव्हते.

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकागोला असतो. तिथे मिशिगन सरोवराच्या काठी उन्हाळ्यात माणसे पोहायला जातात, आणि सुट्टी संपली की दुसरी माणसे कानाला श्रवणयंत्र लावून, हातात लांब दांडीची चकती घेऊन वाळूवरून फिरतात. पोहणाऱ्यांच्या हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, नाणी शोधतात. काहींना तो नाद असतो, काही जण हरवलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी हौसेने जातात. या मुलाने गेल्या खेपेला वडिलांना असेच एक यंत्र आणून दिले होते आणि ते कपाटावर धूळ खात होते. मी ताईची हकीकत सांगितली तेव्हा प्राध्यापकांचे डोळे चमकले. माझ्याविषयीच्या कळवळ्याने नव्हे, यंत्राला काम मिळाले म्हणून.

त्यांनी मला स्टाफरूममध्ये ते समजावून दिले, ते मला समजले तसे सांगतो. चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते खाली पडलेल्या धातूला लागले की धातूत लहान लहान भोवऱ्यांसारखे विजेचे प्रवाह उठतात, आणि त्या भोवऱ्यांचे स्वतःचे क्षेत्र चकतीला कळते. मग कानात सूर वाजतो. ही कल्पना जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि शरीरात रुतलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्राहम बेल स्वतः असे एक उपकरण घेऊन आले. यंत्र सारखे वाजतच राहिले. गोळी काही सापडली नाही. रुग्णाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या! पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले आणि १९४२ साली अल अलामेनच्या वाळवंटात ते उपयोगी पडले. आज सरोवराकाठी फिरणाऱ्यांच्या हातात त्याचीच नातवंडे आहेत.

"अंगठी असेल तर सापडेल," प्राध्यापक म्हणाले. "वर्तुळ अखंड असते, भोवरा छान फिरतो. साखळी असती तर कठीण होते. साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी सुटी दिसते, आणि कडी इतकी बारीक की दिसतच नाही." मी मनात म्हटले, म्हणजे या यंत्राला आमच्या बायकांची अर्धी अलंकारमंजूषा अदृश्यच!

घरी येताना मी मुद्दाम सराफ बाजारावरून आलो. नाशिककरांना वस्तू शोधणाऱ्यांचे अप्रूप नाही. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात टाकणारी पोरे आपण रोज पाहतो. हल्लीचा रुपया पोलादाचा असल्यामुळे तो चुंबकाला चिकटून वर येतो. आणि त्याहून जुना धंदा झारेकऱ्यांचा. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, गटारातला गाळ हे लोक गोळा करतात, उथळ पात्रात पाण्याने धुतात, माती वाहवतात, जड ते तळाशी उरते. त्यात पारा घालून सोन्याचे कण धरतात आणि पारा उडवून सोने मोकळे करतात. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशातही झारेकरी आहे. (झारीतल्या शुक्राचार्यांशी त्याचा संबंध जोडू नये. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत तो जोडला होता.) झारेकऱ्याचे सारे शास्त्र एका गोष्टीवर उभे आहे. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असते, साधी वाळू अडीच पटींहून थोडी अधिक. हलवत राहिले की जड खाली जातेच. त्याला ना वीज लागते, ना सूर.

हे ज्ञान घेऊन मी वैशाखात कोरीटला पोचलो.

खानदेशातला वैशाख ज्याने पाहिला नाही त्याला त्याचे वर्णन करून सांगू नये. त्याला ती अतिशयोक्ती वाटते. दुपारी बारा ते चार गावात कुत्रेही दिसत नाही. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. ओटीवर खाटा टाकून माणसे निपचित. पण त्याच वैशाखात आमरस असतो, आणि खापरावरची पुरणपोळी असते. ताईने केलेली खापराची पोळी म्हणजे हातरुमालाएवढी मऊ घडी. मी तीन घड्या खाल्ल्या. मधल्या जाऊबाई वाढत होत्या, आणि पदर सावरत मला म्हणाल्या, "मामा, ते यंत्र सोनंच दाखवतं, का पितळही?"

"सगळंच दाखवतं."

"मग कळायचं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी आमरसात तोंड घातले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊजींच्या जीपमधून प्रकाशाला गेलो. भाऊजींनी तिथल्या ओळखीच्या मंडळींच्या कानावर आधीच घातले होते, नाहीतर कंडक्टरचे भाकीत खरे झाले असते. प्रकाशाला लोक दक्षिणकाशी म्हणतात. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली, सूर्याची कन्या म्हणवणारी तापी इथवर येते आणि गोमाई तिला मिळते. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर अशी देवळे आहेत. बारा वर्षांनी सिंहस्थात गौतमेश्वराची यात्रा भरते. गावाचे पांढरीचे टेकाड तर देवळांहून कितीतरी जुने. १९५५ साली पुरातत्त्वखात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा एकावर एक असे चार काळांचे थर निघाले, आणि तळाचा थर माणूस दगड आणि तांबे दोन्ही वापरीत होता त्या काळचा. त्या टेकाडाकडे यंत्र घेऊन फिरकायचेही नाही असे मी भाऊजींना आणि भाच्याला बजावले. तिथले जे आहे ते कोणाच्या बोटातून निसटलेले नाही.

बॅरेज झाल्यापासून इथली तापी नदीसारखी दिसत नाही, तळ्यासारखी दिसते. पाणी पसरट, गंभीर, हलते की नाही कळू नये असे. उन्हाळ्यात ते उतरले की घाटाच्या खालच्या पायऱ्या, गाळ आणि वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. "इथं," ताईने दाखवले. मी श्रवणयंत्र चढवले, चकती वाळूवर धरली आणि बेलसाहेबांची गादी मला तत्काळ समजली.

यंत्र जे ओरडू लागले ते थांबेचना. एक कारण नदीच होती. दख्खनचा बराचसा पठार काळ्या कातळाचा. तो झिजून जी वाळू होते तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. ओल्या वाळूत हात घातला तर काळी रेघ दिसते ती तीच. यंत्राला ती सगळी वाळूच धातू वाटते. भाच्याने बटणे फिरवून त्याला जरा समजावले, तेव्हा खरी ओरड सुरू झाली. दुसरे कारण आपला धर्म! तीर्थाच्या पाण्यात माणसे काय टाकत नाहीत?

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत जे निघाले ते ताईने ताटात मांडले. खिळे, छत्रीची काडी, सोडावॉटरच्या बाटल्यांची झाकणे, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे गोळे. हा चंदेरी कागद आणि सोन्याची अंगठी यंत्राच्या कानाला जवळजवळ एकच वाटतात, हे प्राध्यापकांनी सांगितले होते. तो सूर उमटला की दर वेळी माझे काळीज लक्ककन हलत होते आणि दर वेळी वाळूतून बाहेर येत होता कोणाचा तरी विडीकाडीचा शौक. पितळी पणती. चांदीचे एक जोडवे, झिजून कागद झालेले. आणि नाणी. पोलादी रुपये, २०११ साली चलनातून गेलेले चार आणे, ॲल्युमिनियमचे ते हलके पाच पैसे, ज्यांच्या कडा चौकोनी असत, १९५७ साली दशमान आले तेव्हाचा 'नया पैसा', आणि सगळ्यात खाली, महायुद्धाच्या काळातला तांब्याचा भोकाचा पैसा. लहानपणी माझ्या करगोट्यात एक होता. तो हातात धरून मी किती वेळ उन्हात बसलो कोण जाणे. भाचा म्हणाला, "मामा, टोपी घाला."

घाटावर एक आजीबाई फुले आणि वातीचे दिवे विकतात. उन्हे चढली, गिऱ्हाईक संपले, की त्या पाण्याच्या कडेला घमेले घेऊन बसतात आणि वाळू धुऊन नाणी काढतात. त्या सकाळपासून आमच्याकडे पाहत होत्या. शेवटी जवळ आल्या. "काय धुंडी राह्यनात दादा?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. ताईला विचारू लागल्या: पाणी तेव्हा कितव्या पायरीला होते? उजवा हात का डावा? खाली वाळू लागत होती का दगड? ताई गोंधळली. पहाटेचा अंधार, रडून सुजलेले डोळे. तिला पायऱ्या कुठल्या आठवायला! मग आजीबाईंनी मजुरी ठरवली. दिवसाचे तीनशे रुपये, चहा निराळा. मी दोनशे म्हणून पाहिले. "तीनशे," त्या म्हणाल्या, "सोनं जड ऱ्हास." हे कारण मजुरीला कसे लागू पडते ते मला उमगले नाही, पण उत्तरही सुचले नाही.

त्यांचे म्हणणे असे की अंगठी वाहत जात नाही. पडली तिथेच वाळू सारत सारत खाली बसते, कठीण थर लागेपर्यंत. म्हणून वरवर हिंडण्यात अर्थ नाही. एक जागा धरायची आणि तळाला जायचे. यंत्र वीतभर खोलीपर्यंत ऐकते, त्यांचे घमेले त्याच्या खाली पोचत होते. दोघे एकमेकांना पूरक निघाले. यंत्र वाजले की आजीबाई त्या जागी फावड्याने वाळू उपसत, घमेल्यात घेऊन पाण्यात गरगर फिरवत, काठावरून हलके हलके सांडत. शेवटी घमेल्याच्या तळाशी काळ्या कणांचा एक चंद्र उरे. तो त्या तर्जनीने उलगडून पाहत. नाशिकच्या झारेकऱ्याला मी हेच करताना पाहिले होते. हातही तसाच, मनगटातून.

मला त्या दुपारी 'शाकुंतला'तला कोळी सारखा आठवत होता. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडते, मासा ती गिळतो, कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडते. पण वर्गात शिकवताना आपण शकुंतलेच्या दुःखातून इतक्या लवकर दुष्यंताच्या पश्चात्तापावर जातो की मधल्या त्या प्रसंगाकडे लक्षच जात नाही. कोळ्याला शिपाई धरतात. त्याला बांधून, दटावत, मरणाची धमकी देत राजवाड्याशी आणतात. का? तर त्याच्या हाती अंगठी सापडली म्हणून. तो खरे सांगतो आहे हे राजाने म्हणेपर्यंत कोणाला पटत नाही. इकडे शकुंतला भरल्या सभेत उभी असते, तीही खरेच सांगत असते, आणि बोट मोकळे असते म्हणून तिलाही कोणी मानत नाही. जिच्याजवळ अंगठी नाही ती खोटी, ज्याच्याजवळ आहे तो चोर. पंचवीस वर्षे हे नाटक शिकतो-शिकवतो आहे. हे प्रकाशाच्या घाटावर, डोक्यावर ओला पंचा घेऊन कळले.

कायदाही कालिदासाच्या शिपायांहून फार निराळा नाही. १८६० च्या दंडविधानात ४०३ व्या कलमाखाली उदाहरण दिले होते तेच मुळी अंगठीचे. कोणाची ते ठाऊक नसलेली मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर तो गुन्हा. आणि जमिनीत दडलेले धन दहा रुपयांच्या वर किमतीचे असले तर कलेक्टरला कळवा, असे १८७८ चा कायदा सांगतो. दहा रुपये! आमच्या ताटातल्या खुर्द्याची किंमत नाममूल्याने तरी त्याच्या पुढे गेली होती. पण नदीत हात जोडून सोडलेला पैसा 'दडलेला' म्हणायचा का, हे मी कोणा वकिलाला विचारणार आहे.

पहिल्या दिवशी मधल्या जाऊबाई डबा घेऊन आल्या. कळण्याची भाकरी, ठेचा, कैरीचे लोणचे. डबा ठेवून लगेच जायचे म्हणून आलेल्या, पण देवळाच्या सावलीत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच जीपमध्ये येऊन बसल्या; कोणी काही विचारले नाही. तासाभराने पाहतो तर पदर खोचून आजीबाईंच्या शेजारी वाळू धुताहेत. दुसरे घमेले कुठून आणले होते कोण जाणे.

दहाच्या सुमाराला ताई आणि मी खालच्या पायरीशी वाकलो होतो. मागून आवाज आला, "वहिनी, तिथं नव्हत्या तुम्ही."

ताईने वर पाहिले.

"दोन पायऱ्या वर होत्या. आणि अशा, डावीकडं. शेवाळ होतं, तुमचा पाय सरकत होता. मी कोपर धरलं होतं तुमचं." जाऊबाई पाण्याकडे पाहत बोलत होत्या. "बुडी मारताना हात सुटला माझा."

एवढे महिने त्या 'बरं'मागे हे होते की काय, मला ठाऊक नाही. मी मराठीचा माणूस. मौनाचा अर्थ लावण्याची मला खोड आहे, आणि तो बहुधा चुकतो. ताई काही बोलली नाही. यंत्र उचलून त्यांनी दाखवलेल्या जागी नेऊन ठेवले, आणि तीही पदर खोचून बसली.

तिथे दोन पायऱ्यांच्या सांध्यात वाळू भरून राहिली होती. चकती नेली आणि असा सूर आला की भाच्याने माझा दंड धरला. स्वच्छ, गोल, न चिरकणारा. आजीबाईंनी सांधा बोटांनी कोरला, वाळू घमेल्यात घेतली, फिरवली. आम्ही पाच डोकी त्या घमेल्यावर वाकलो होतो. काळ्या चंद्राच्या मधोमध पिवळे काही तरी लुकलुकले.

अंगठी नव्हती. मंगळसूत्राची एक वाटी होती. अर्ध्या सुपारीएवढी, आत लाख भरलेली, एका बाजूने जराशी चेपलेली. भोकात तुटक्या तारेचा वेढा आणि त्या तारेत अडकून राहिलेला एकच काळा मणी.

कोणी काही बोलेना. भाचा तेवढा म्हणाला, "सोनं आहे ना? मग?"

आजीबाईंनी ती वाटी तळहातावर उलटीसुलटी केली. "ही पडेल नही," त्या म्हणाल्या. "सोडेल शे."

मी म्हटले, कशावरून? निसटलीही असेल. नुसती एक वाटी, दुसरी कुठे आहे? त्यांनी मान हलवली. नाणे त्या घेतात, त्यावर त्यांचे घर चालते. माणसे देवाला देतात आणि देव ते त्यांना देतो, असा त्यांचा हिशोब. जोडवेसुद्धा त्यांनी कालच आपल्या ओच्यात टाकले होते, ते माझ्या लक्षात आले होते. पण ही त्या घेईनात. मी परत विचारले तेव्हा जरा त्रासून म्हणाल्या की तुमच्या यंत्राला नाही कळायचे. ते खरे होते. यंत्राला अंगठी आणि वाटी यांतला फरकच कळला नव्हता, मग हरवलेल्यातला आणि सोडलेल्यातला कसा कळावा? पण प्रामाणिकपणे सांगायचे तर तो मलाही कळला नव्हता. कोण बाई असेल, केव्हाची, तिच्या हातून सुटली की तिने सोडली, की दुसऱ्या कोणी तोडून टाकली? अशा वेळी कायद्याप्रमाणे मालकाचा शोध घ्यायचा. इथे तो कुठे घ्यायचा?

जाऊबाईंनी हात पुढे केला. आजीबाईंनी वाटी त्यांच्या हातावर ठेवली. त्या दोन पायऱ्या उतरल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या, आणखी थोड्या पुढे गेल्या. भाऊजी काठावरून "अगं, खोल आहे तिथं" म्हणाले. त्यांनी हात पाण्याखाली नेऊन मूठ उघडली असावी. आम्हांला दिसले नाही.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही तो सांधा आणि त्याच्या खालचे दोन सांधे कोरून काढले. तांबड्या दोऱ्याचा एक तुकडा सापडला, पण तीर्थाच्या घाटावर तांबड्या दोऱ्यांना काय तोटा? ताईने तो उचलून पाहिला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी यंत्राची विजेरी संपली, आजीबाईंना लग्नाला जायचे होते आणि भाऊजींचे कापसाचे बियाणे आणायचे खोळंबले होते. भोकाचा पैसा आजीबाईंना हवा होता, नातवाच्या करगोट्यासाठी. मलाही हवा होता. अखेर नातवाने बाजी मारली.

त्या रात्री कोरीटला ओटीवर शेजारच्या बाया जमल्या होत्या. हातपंखे हलत होते. मी आत खाटेवर पडून ऐकत होतो. कोणी तरी विचारले, मिळाले का काही? तर जाऊबाईंचा आवाज आला, "नाही मिळाली. आमच्या वहिनींची अंगठी पडली ना, ती जागाच वाईट. शेवाळ किती तिथं! मी धरलं होतं यांना तरी..." आणि मग शेवाळाची, थंडीची, सासूबाईंच्या त्या शेवटच्या आठवड्याची हकीकत त्या पहिल्यापासून सांगू लागल्या. ताई मध्ये मध्ये एखादा तपशील दुरुस्त करीत होती. दोघींचे एका गोष्टीवर एकमत होईना, की पाणी त्या दिवशी कमरेपर्यंत होते की छातीपर्यंत. बराच वेळ तेच चालले होते. मला झोप लागली.

नाशिकला परतल्यावर यंत्र पुसून प्राध्यापकांना दिले. "सापडली?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "काळी वाळू फार आहे." त्यांनी वहीत काही टिपून घेतले. पुढच्या वेळी बटणे कुठे ठेवायची ते ते शोधून काढणार आहेत.

भाद्रपदात ताईचा फोन आला. गौरी घरी आल्या होत्या, मागे आरतीचा गलका होता. वरती पाऊस चांगला झाला, बॅरेजची दारे उघडली आहेत, घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत पाणी आहे म्हणाली. मग म्हणाली, "थांब हं, जाऊबाई काही म्हणताहेत." फोनवर कुजबूज झाली. "त्या विचारताहेत, पुढच्या वैशाखात यंत्र पुन्हा मिळेल का? त्यांनी बाजारातून नवं घमेलं आणून ठेवलंय."